मांदे बुरुंगच्या मुलखात: गारो टेकड्यांची भटकंती

पहिला दिवस: गुवाहाटी ते तुरा

गुवाहाटीच्या पलटन बाजारातून तुऱ्याला जाणाऱ्या सुमो सकाळी भरतील तशा सुटतात. अंतर सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास. बराचसा रस्ता आसामातून, ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण बाजूने गोलपाड्याच्या दिशेला जातो. भाताची कापणी उरकलेली होती. शेतात नुसते खुंट, मधेच तळं, तळ्यात जाळं लावून बसलेली माणसं. पैकानला डावीकडे वळलं की चढ लागतो आणि मेघालय सुरू होतं. सुपारीच्या बागा, रबराची झाडं, अननसाचे वाफे. घरं बांबूच्या तट्ट्यांची, आणि डिसेंबर असल्यामुळे दारोदारी नाताळची कागदी चांदणी.

बरोबर माझा भाचा होता. प्राणिशास्त्रात एमएस्सी करतोय. मी मांदे बुरुंगच्या गोष्टी ऐकायला चाललेय हे कळल्यावर त्याने लगेच बॅग भरली. "मावशी, पण मला गोष्टी नकोत. केस, विष्ठा, ठसा, काहीतरी मोजता येईल असं हवं," म्हणाला. मला गोष्टीच हव्या होत्या, तेव्हा आमचं भांडण होण्याचं कारण नव्हतं.

मांदे बुरुंग म्हणजे गारो टेकड्यांतला रानमाणूस. हिमालयातल्या यतीबद्दल आपण लहानपणापासून ऐकतो. हा त्याचा दक्षिणेकडचा भाऊबंद म्हणायचा, पण बर्फाशी याचा काही संबंध नाही. हा दमट, बांबूने गच्च भरलेल्या, बांगलादेशाच्या सीमेला टेकलेल्या डोंगरांत राहतो. ज्यांनी पाहिला म्हणतात त्यांचं वर्णन बरंचसं जुळतं: माणसापेक्षा पुष्कळ उंच, अंगभर काळे-करडे केस, दोन पायांवर चाल, खाणं फळं-मुळं-झाडपाला. आणि तो माणसाच्या अंगावर येत नाही, हे सगळेच आवर्जून सांगतात.

सुमोचा ड्रायव्हर गारो होता. भाच्याने त्याला थेट विचारलं, हे खरं आहे का? वळण घेता घेता तो म्हणाला, "हमारा जंगल में है. आपका शहर में जंगल नहीं है, इसलिए आप लोग पूछता है."

दुसरा दिवस: तुरा

तुरा हे पश्चिम गारो हिल्सचं जिल्ह्याचं गाव, तुरा शिखराच्या कुशीत पसरलेलं. सकाळी बाजारात गेलो. वाळवलेल्या मासळीचे ढीग, आल्याची पोती, केळफुलं, बांबूचे कोंब. बहुतेक दुकानं बायका चालवतात. गारो समाज मातृवंशीय आहे: कूळ आईचं, घर आणि जमीन मुलीकडे जाते. गावाच्या प्रमुखाला नोकमा म्हणतात, पण जमिनीवरचा त्याचा हक्क बायकोच्या कुळामुळे येतो. पुढे जंगलाच्या गोष्टी ऐकताना हे सारखं आठवत राहिलं, कारण इथलं बरंचसं रान सरकारचं नाही, कुळांचं आहे. अशा कुळाच्या जमिनीला आकिंग म्हणतात.

दुपारी नाखाम बिची, म्हणजे सुक्या मासळीचं झणझणीत कालवण, आणि भात. तिथेच शेजारी बसलेल्या एका निवृत्त शिक्षकांशी ओळख झाली. मांदे बुरुंगचा विषय निघताच त्यांनी 2008 सालच्या तपासणीची हकीकत सांगितली. ती भाच्याने वाचलेली होती, पण त्या गावात, तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकण्यात फरक पडतो.

झालं असं, की 2003 मध्ये एका वनरक्षकाने हा प्राणी लागोपाठ तीन दिवस पाहिल्याचं सांगितलं. त्या दाट रानातून काही केस गोळा झाले आणि इथल्या एका ध्यास घेतलेल्या माणसाने ते जपून ठेवले. पाच वर्षांनी बीबीसीच्या बातमीदाराने ते ब्रिटनला नेले. ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठातल्या वानरतज्ज्ञांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, ओळखीच्या प्राण्यांच्या केसांशी ताडून पाहिले, आणि सुरुवातीला त्यांचाही मेळ बसेना. काही आठवडे इथे तुऱ्यात नुसता उत्साह होता. मग डीएनए तपासणीचा निकाल आला: केस हिमालयी गोरलचे. गोरल म्हणजे बकरीच्या जातकुळीतला, कड्यांवर राहणारा प्राणी.

"म्हणजे प्रश्न मिटला," भाचा म्हणाला.

"केसांचा मिटला," शिक्षक म्हणाले. "पाहणाऱ्याचा कुठे मिटला?"

मला त्यांचं म्हणणं पटलं. केस गोरलचे निघाले म्हणून तो वनरक्षक खोटारडा ठरत नाही. त्याने काय पाहिलं आणि नंतर झुडपात काय सापडलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण उलट बाजूने हेही खरं, की एवढ्या वर्षांत एक हाड, एक दात, एक कवटी सापडलेली नाही. संध्याकाळी भाच्याने मला जायगँटोपिथेकसबद्दल सांगितलं, कारण मांदे बुरुंगला मानणारे लोक त्याचाच दाखला देतात. हा खरोखर होऊन गेलेला अवाढव्य कपी. 1935 मध्ये हाँगकाँगच्या एका औषधांच्या दुकानात 'ड्रॅगनचा दात' म्हणून विकायला ठेवलेली त्याची दाढ फॉन कोनिग्सवाल्ड या शास्त्रज्ञाच्या नजरेला पडली. पुढे दक्षिण चीनच्या गुहांतून दातांचा मोठा साठा आणि चार खालचे जबडे मिळाले. बाकी सांगाडा आजवर कुणी पाहिलेला नाही. तो दोन पायांवर चालायचा की चार, हे दातांवरून सांगता येत नाही. आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तो दोन ते तीन लाख वर्षांपूर्वीच संपला. ओरांगउटानचा तो लांबचा नातलग.

तिसरा दिवस: सेलबलग्रे आणि पुढे दारिबोकग्रे

पहाटे अंधारातच निघालो. सेलबलग्रे तुऱ्यापासून जवळ आहे. या गावाने आपल्या आकिंगमधला जंगलाचा तुकडा हुलॉक गिबनसाठी राखला आहे. गारो त्याला हुरो म्हणतात. मांदे बुरुंगच्या शोधात निघालेल्या माणसाने इथे आधी यावं असं मला कळकळीने वाटतं, कारण भारतात रानात राहणारा खरा कपी हा एवढाच. वानर, माकडं पुष्कळ. पण बिनशेपटीचा, गोरिला-चिंपांझींच्या बिरादरीतला हा एकच, आणि तोही फक्त ईशान्येत, ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेकडच्या भागात.

गावातला एक तरुण आमच्या पुढे चालत होता. धुक्यातून पाणी टपटपत होतं. तासभर काहीच झालं नाही. मग सूर्य डोंगराच्या वर आला आणि खोऱ्याच्या पलीकडून एक हाक आली, हू-कू, हू-कू. तिला जवळून उत्तर मिळालं. मग दोन्ही आवाज एकमेकांत मिसळत, चढत, इतके वर गेले की मान आपोआप मागे वळली. नर-मादी जोडीने गातात. जोडी दीर्घकाळ एकत्र राहते आणि हा आपला इलाखा आहे हे रोज सकाळी असं गाऊन सांगते.

मग ती दिसली. मादी, सोनेरी तपकिरी रंगाची, पोटाशी पिल्लू. नर काळा, भुवया मात्र पांढऱ्याशुभ्र, जणू कुणी चुन्याचं बोट ओढलंय. मादीने एका हाताने फांदी धरली, अंग झोकलं, आणि पुढची फांदी हातात येईपर्यंत ती पूर्ण हवेत होती. दुर्बिणीतून तिची बोटं दिसली: लांब, आकड्यासारखी वळलेली, आणि फांदी धरताना अंगठा बाजूला. पिल्लाने तोंड वळवून खाली आमच्याकडे पाहिलं. भाचा वही काढायची विसरला.

त्या तरुणाने सांगितलं, आमच्याकडे हुरोला मारत नाहीत. आजोबा सांगायचे, त्याचं पोर माणसाच्या पोरासारखं रडतं. हा प्राणी जेमतेम सहा-आठ किलोचा असतो आणि जमिनीवर सहसा उतरत नाही. त्यामुळे झाडांची रांग तुटली की त्याचं जग तिथेच संपतं. मधे एखादा रस्ता किंवा सुपारीची बाग आली, तरी पलीकडचं कुटुंब कायमचं तुटतं. मांदे बुरुंग आहे की नाही यावर लोक तावातावाने बोलतात. हुरो आहे, समोर आहे, आणि त्याच्याबद्दल आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? याचं मला फार वाईट वाटलं.

दुपारी दारिबोकग्रेची वाट धरली. मोठा रस्ता सोडल्यावर गाडीचा वेग माणसाच्या चालीएवढा होतो. पोचेपर्यंत संध्याकाळ झाली.

चौथा दिवस: नोकरेक

दारिबोकग्रे नोकरेक शिखराच्या पायथ्याशी आहे. नोकरेक 1412 मीटर, गारो टेकड्यांतलं सगळ्यात उंच ठिकाण. सिमसांग नदी इथेच उगम पावते. 2009 मध्ये युनेस्कोने नोकरेकला आपल्या राखीव जीवावरण क्षेत्रांच्या जागतिक यादीत घेतलं. इथलं आणखी एक वैभव म्हणजे मेमांग नारंग, मृतात्म्यांचं संत्रं. सिट्रस इंडिका ही रानटी जात. ती जपण्यासाठी इथे खास राखीव क्षेत्र आहे. फळ लिंबाएवढं आणि कडक आंबट.

वाटाड्या आम्हाला सकाळी वर घेऊन गेला. बांबू, मग ओक, मग शेवाळाने लडबडलेली झाडं. एका ठिकाणी त्याने थांबवलं. एका उंच झाडाच्या सालीवर समांतर ओरखडे होते, चीक वाळून काळा पडलेला. वर दुबेळक्यात मोडलेल्या फांद्यांचा ढीग. भाचा खूश झाला. आशियाई काळं अस्वल फळं खायला झाडावर चढतं, फांद्या ओढून मोडतं आणि त्याच अंगाखाली दाबून बसतं. खालून पाहिलं तर घरटंच वाटतं. शिवाय अस्वलाचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर पडला की दोन्ही मिळून माणसाच्या पावलासारखा लांबलचक ठसा उमटतो. ते मागच्या पायांवर उभंही राहतं. "मावशी, सगळं बसतंय बघ."

मी ते हिंदीत वाटाड्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "ये माकबिल का है," ओरखड्यांवर हात ठेवत तो म्हणाला. "माकबिल हम जानता है. मेरा चाचा का मुँह माकबिल ने फाड़ा. वो अलग, मांदे बुरुंग अलग."

इथे मी जरा थबकले. शहरातून आलेला माणूस सहज म्हणून टाकतो, खेडूत अस्वलाला भूत समजतात. पण ज्यांच्या घरात अस्वलाने फाडलेला चेहरा आहे, त्यांना अस्वल ओळखता येत नाही असं मानणं हा आपला उद्दामपणा आहे. तरीही धुकं, तिन्हीसांजा, बांबूच्या आडून क्षणभर दिसलेलं काहीतरी आणि छातीतली धडधड, या सगळ्यांत कुणाचाही डोळा फसू शकतो, माझाही आणि त्याचाही. मला स्वतःला असा प्राणी असेल असं वाटत नाही. एकट्याच्या बळावर जात टिकत नाही. शेकडो तरी हवेत, आणि शेकडो असते तर हाडं सापडली असती.

रात्री आम्ही नोकमाच्या घरी जेवलो. मधोमध चूल, तिच्यावर टांगलेल्या बांबूच्या फळीवर मासळी आणि मिरच्या धुरात वाळत घातलेल्या. कोपऱ्यात बांबूची निमुळती टोपली लटकत होती. तिच्यात केळीच्या खोडाची राख, वरून पाणी घातलेलं, आणि खाली भांड्यात तांबूस पाणी थेंब थेंब गळत होतं. हा गारोंचा खार. त्यातच डुकराचं मटण शिजवतात, त्याला कप्पा म्हणतात. बाहेर पोरं नाताळच्या गाण्यांचा सराव करत होती. गारोंपैकी बहुतेक आता ख्रिस्ती आहेत, बहुतांश बॅप्टिस्ट. जुना धर्म पाळणाऱ्यांना सोंगसारेक म्हणतात, ते थोडे उरलेत.

नोकमाची सासू चुलीपाशी बसली होती. सगळे तिला आंबी म्हणत होते, आम्हीही आंबीच म्हटलं. तिच्या वडिलांनी मांदे बुरुंग पाहिला होता. कापणीच्या दिवसांत ते बोरांगमध्ये, म्हणजे झाडावरच्या राखणीच्या मचाणात झोपायचे, हत्ती येतात म्हणून. चांदण्यात ओढ्यातले दगड हलल्याचा आवाज आला. हत्ती असता तर फांद्या मोडल्या असत्या. त्यांनी पाहिलं, ओढ्यात कुणीतरी उभं होतं, दगड उचलून खाली बघत होतं आणि पुन्हा ठेवत होतं. भाच्याने विचारलं, केवढं? आंबी उठली, घराच्या मधल्या खांबापाशी गेली, हात वर केला, आणि म्हणाली याच्याही वर.

"वडिलांनी काय केलं?"

"काय करणार? तो खेकडे शोधत होता. त्यांनी शोधू दिले."

दुसऱ्या दिवशीपासून त्या बाजूचा बांबू तोडायचा नाही असं त्यांनी घरात सांगितलं. तिकडे तो राहतो, आपण इकडे राहतो. तो बांबू अजून उभा आहे. आंबीच्या सांगण्यात कुठेही राक्षस नव्हता. वाघाबद्दल बोलताना मात्र तिचा आवाज बदलला. काही माणसांचा जीव रात्री वाघात शिरून रानात हिंडतो, ते भयंकर, असं म्हणाली. मांदे बुरुंगबद्दल तिचा सूर शेजाऱ्याबद्दल बोलावं तसा होता, ज्याच्याशी जाणं-येणं नाही पण ज्याचा बांध आपण कोरत नाही. आपल्याकडे देवराईत कुऱ्हाड लावत नाहीत, तसंच काहीसं. या गोष्टीचं मोल मला इथे कळलं. प्राणी खरा असो की नसो, एका ओढ्याचा काठ तिने राखलाय.

भाच्याने हे सगळं लिहून घेतलं. आंबीला 'मितेला' म्हणजे धन्यवाद म्हटलं, तेव्हा ती खुदकन हसली.

पाचवा दिवस: सिजू

सगळा दिवस प्रवासात. विल्यमनगरवरून खाली नांगलबिब्राच्या बाजूने. रस्त्याकडेला कोळशाचे काळे ढीग. मेघालयात उंदराच्या बिळासारख्या भोकांतून कोळसा काढतात, त्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2014 मध्ये बंदी घातली. डोंगराला पडलेली भोकं तशीच आहेत.

सिजूला पोचलो तेव्हा सिमसांगचं पाणी हिरवंगार होतं. चुनखडीची गुहा, आत वटवाघळं. 1922 मध्ये केम्प आणि चोप्रा या कलकत्त्याच्या प्राणिशास्त्रज्ञांनी तिचा कोपरा न् कोपरा तपासून आतल्या जीवांची नोंद केली होती. भाचा गुडघाभर पाण्यात कंदील घेऊन रमला. मला जास्त महत्त्वाचा वाटला तो सिजू-रेवाकचा हत्तीमार्ग. बाल्पाक्रम आणि नोकरेकच्या रानांना जोडणारा हा पट्टा गावांनी आपल्या कुळाच्या जमिनीतून हत्तींसाठी सोडला आहे. झूमची, म्हणजे रान जाळून करायच्या फिरत्या शेतीची, जमीन सोडणं म्हणजे ताटातला घास सोडणं.

सहावा दिवस: बाल्पाक्रम

परवानगीचं काम बाघमाऱ्याच्या वनकार्यालयातून आधीच झालं होतं, सोबत एक वनरक्षक. बाल्पाक्रम राष्ट्रीय उद्यान म्हणजे गवताळ पठार आणि त्याला मधोमध चिरत गेलेली खोल दरी. दक्षिणेला एकदम कडा तुटतो आणि खाली बांगलादेशची पाणथळ सपाटी चमकते. वारा कधी थांबत नाही. गवतात दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती बोटाच्या पेराएवढी, लाल.

गारोंच्या जुन्या समजुतीनुसार मेल्यानंतर आत्मा इथे येतो. वाटेत बोल्डाकचं एक झाड दाखवतात, त्याला आत्मे आपला बैल बांधतात. कारण क्रियाकर्मात मृताबरोबर बैल दिलेला असतो. दोर घासून पडल्यासारख्या खाचा बुंध्यावर दिसतात. पुढे चिदिमाक नावाचा काळ्या पाण्याचा डोह, आत्म्यांच्या आंघोळीचा. आमचा वनरक्षक दर रविवारी चर्चला जाणारा. त्याने हे सगळं तितक्याच आपुलकीने सांगितलं. मांदे बुरुंग दिसल्याच्या अनेक हकिकती याच दरीच्या काठच्या आहेत, आणि त्यात नवल नाही. मेलेल्यांसाठी राखलेल्या जागेत जिवंत माणूस बांबू तोडायला जात नाही, म्हणून तिथे रान दाट राहतं, आणि जे काही लपायचं ते तिथेच लपतं: गोरल, अस्वल, क्लाउडेड लेपर्ड, आणि गोष्टी.

परतताना एका काटेरी वेलीला केसांचा पुंजका अडकलेला दिसला. काळे, राठ, जाडजूड. भाचा गुडघ्यांवर बसला. पट्टी लावून फोटो काढले. वनरक्षकाने आधीच बजावलं होतं की उद्यानातून काहीही बाहेर न्यायचं नाही, वन्यजीव कायदा आहे. भाच्याने भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि मला जवळ बोलावलं. "हे बघ मावशी, प्रत्येक केस टोकाला फाटलाय, दोन-तीन फाटे. रानडुक्कर. अंग घासलंय इथे." वनरक्षक मान डोलावत म्हणाला, "हाँ, वाक." डुकराला गारोत वाक म्हणतात. केस तिथेच राहिले.

बाघमाऱ्याला पोचलो तेव्हा अंधार पडला होता.

कुणाला जायचं असेल तर थोडं सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसाळ्यात आतले रस्ते वाहून जातात. रोख पैसे जवळ ठेवा. बाल्पाक्रमची परवानगी बाघमाऱ्यातून घ्यावी लागते, त्याला एक दिवस जादा धरा. वाटाड्या गावातलाच घ्या, आणि 'दाखव' म्हणून त्याच्या मागे लागू नका; संध्याकाळी चुलीपाशी बसायला वेळ ठेवा, तिथे आपोआप विषय निघतो. सेलबलग्रेला मात्र सकाळी लवकर पोचाच. ऊन चढलं की हुरो गायचे थांबतात.